डायशिवाय जेवढं दिसतं

“याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात,” आयसीयूतल्या डॉक्टर सांगत होत्या. “अ‍ॅलर्जीच, पण जिवावर बेतणारी. ताई, हा डाय तुम्हाला यापुढे द्यायचा नाही.”

माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे सुजून मिटायला आले होते. किडनीतली गाठ तपासायला म्हणून गेले होते. आता दोन दुखणी घेऊन घरी जायचं होतं.

मी पळसदरीची. घरीच ब्लाउज शिवते. लघवीतून रक्त गेलं तेव्हा दुखलं काहीच नाही, म्हणून उष्णता समजून धण्याचं पाणी प्यायले. पुन्हा गेलं तेव्हा शिळफाट्याला सोनोग्राफी केली. उजव्या किडनीवर गाठ निघाली. पनवेलच्या डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट सीटी सांगितला. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून सोडायचं औषध. सगळे त्याला डायच म्हणतात. त्याने गाठ फोटोत उठून दिसते.

कशाची अ‍ॅलर्जी आहे का, असं आधी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तोवर खरंच नव्हती.

आमचे हे स्कॅनच्या खोलीच्या दारापर्यंत आले. “काय व्हत नाय गं. फोटो तर काडायचाय.”

डाय आत गेला तशी अंगभर ऊब पसरली, तोंडाला लोखंडासारखी चव आली. असं होतं हे स्कॅनवाल्यांनी सांगितलेलं, म्हणून घाबरले नाही. मग तळहात खाजायला लागले. शिंका सुटल्या. गळा आतून आवळत गेला. मशीनमधून आवाज येत होता, श्वास रोखून धरा. मला घ्यायलाच श्वास मिळत नव्हता. हाक मारावी तर आवाज फुटेना. शेवटी पाय आपटले. काचेपलीकडच्या मुलीने ते पाहिलं आणि ती धावत आली. मांडीत सुई टोचल्याचं कळलं. पुढचं आठवत नाही.

ती सुई अ‍ॅड्रेनलिनची होती. बंद होत चाललेला श्वास ती मोकळा करते. तिनेच मी वाचले.

बाहेर ह्यांना आत पळणारी माणसं तेवढी दिसत होती. तेव्हापासून ‘काय व्हत नाय’ हे शब्द ह्यांच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत.

पुढे डाय न देता एमआरआय केला आणि किडनी काढली. गाठ कॅन्सरची होती. अशा आजारात पुढे ठरावीक काळाने स्कॅन करत राहावं लागतं. स्कॅन म्हटलं की मला आदल्या दिवसापासून अन्न उतरत नाही. डाय नाही, हे माहीत असूनही त्या पलंगावर पडले की गळ्याला हात जातो.

गेल्या खेपेला लिव्हरवर बारीक डाग आला. डॉक्टरांनी तो फोटोत दाखवला. “डायशिवाय नीट सांगता येत नाही. आधी स्टेरॉइड देऊन, दुसरा डाय वापरून बघता येईल. धोका कमी होईल, पण जाणार नाही. एमआरआयचा डाय वेगळा असतो, पण तुमची उरलेली किडनी थकलीय, तिला तो झेपेल याची खात्री नाही. की थांबून पुन्हा साधाच स्कॅन करू?”

मी थांबू म्हटलं. बरोबर केलं का, ठाऊक नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढंच करा. अंगाला खाज सुटली, गळ्याशी काही वेगळं वाटलं, तर लाजू नका, लगेच सांगा. बोलता येत नसेल तर हातपाय हलवा. मी त्या मुलीचे आभार मानायला परत गेले होते. तिची सुट्टी होती.

डाग निघाला त्या दिवशी घरी आले तर ह्यांनी भात लावून ठेवला होता.

“काय म्हनले?”

“डाग आहे. कशाचा ते नीट दिसत नाही.”

 ह्यांनी माझं ताट वाढायला घेतलं.

“दिसंल तवा बगू. आता जेव.”

खूप दिवसांनी मला भूक लागली होती. मी जेवले.