व्हीबी आणि ब्रेन

वडील अमरावतीला वकील होते. दुसऱ्या महायुद्धात मी कॉलेज अर्धवट सोडून फौजेत शिरलो. आघाडी मात्र पाहिली नाही. नव्या जवानांना हलकी मशीनगन शिकवायला मला ट्रेनिंग सेंटरातच ठेवून घेतलं. नव्या ब्रेन गन सगळ्या आघाडीवर जात, आमच्या वाट्याला जुन्या व्हीबी गन. दिसायला सख्ख्या बहिणी: वरून खोचलेलं वाकडं मॅगझिन, पुढे दोन पाय, तापली की बदलायची नळी. पण एकीचं मॅगझिन दुसरीत बसत नसे, आणि नळी सोडवायची रीतही निराळी होती.

अकोल्याकडच्या एका शेतकरी जवानानं विचारलं, दोघींत फरक किती? जेवणाची वेळ झाली होती. मी म्हणालो, "सारख्याच रे. एक आली की दुसरी येते."

लढाई संपली, मी शाळामास्तर झालो. एकदा अकोल्याच्या कापूसबाजारात त्यानंच मला ओळखलं. गाडीच्या सावलीत बसवून भाकर पुढे केली. ब्रह्मदेशात ब्रेन चालवायला भातकुलीकडचा एक गडी आणि नळी बदलायला हा, अशी त्यांची जोडी होती. आवाज न चढवता तो म्हणाला, "उस्ताद, सारक्या नाई होत्या त्या. नळी तापली, अन् माहा हात व्हीबीच्याच जागी गेला, नळी सुटेना. तेवढ्यात त्याच्या मांडीत गोळी बसली."

जोडीदार आता काय म्हणतो, असं मी विचारलं. "थो बोलतच नाई माह्याशी."

पुढच्या रविवारी मी भातकुलीला गेलो. तो गडी काठी टेकत गोठ्यातून बाहेर आला. मी सगळं सांगितलं, त्या दिवशी मला जेवणाची घाई होती हेसुद्धा.

"मले वाटे, थो भेला," तो म्हणाला. "मी त्याले तोंडावर भेकड म्हनलो."

मग त्यानं अकोल्याची मोटार कधी सुटते ते विचारलं. अमरावतीपर्यंत आम्ही त्याच्या बैलगाडीनं आलो. मोटारीपाशी मी म्हणालो, मीही येतो.

"नोको. आमा दोघायचं हाये हे."

पुढे त्यांचं येणं-जाणं सुरू झाल्याचं कानावर आलं. माझ्याविषयी त्यांच्यात काय बोलणं झालं, ते विचारायचा धीर मला कधी झाला नाही.