गुरूला ओलांडलं तेव्हा

सांगितलं तर लोक हसतात. पण अवकाशातल्या त्या पिक्चरमध्ये मुखवटा चढवल्यानंतरचा जो खलनायक आहे ना, तो बराचसा मीच आहे. चेहरा हिरोचा, आवाज हिरोचा, आणि चाल माझी.

झालं असं की कागदाच्या कारखान्यातून रिटायर होऊन मी कुंभिवलीत घरी बसलो होतो. बसलो म्हणजे नुसताच बसलो. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी नोकरीला बेंगळुरूला. हायवेवरच्या टपरीवर सकाळ काढायची आणि घरी येऊन टीव्हीला शिव्या द्यायच्या. एकदा त्या टपरीवर शूटिंगवाला एक माणूस चहा प्यायला थांबला. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाला, "काका, चांगलेच उंच आहात की! चालता नीट ना?" म्हटलं, "चालायला काय धाड भरलीय मला?" दुसऱ्याच दिवशी त्यांचा टेंपो मला घेऊन कर्जतकडच्या एका स्टुडिओत गेला.

गोष्ट अशी. हिरो भला माणूस. या ग्रहावरून त्या ग्रहावर जायचं, अडलेल्यांना सोडवायचं. पुढे त्याचा स्वतःचाच ग्रह थंड पडायला लागतो. आपली माणसं गारठून मरू नयेत म्हणून तो दुसऱ्यांचा सूर्य चोरायला निघतो, आणि तिथंच घसरतो. लहानपणापासून ज्याने सांभाळलं तो म्हातारा गुरू आडवा येतो. हा काळा मुखवटा चढवतो, गुरूला मारतो आणि त्याला ओलांडून जहाजात चढतो. मुखवटा चढला की हिरोचं काम संपलं. तो आपला मुंबईला निघून गेला आणि आत मी शिरलो.

आतलं काय सांगू! समोरचं हातभर दिसायचं, बाहेरचं अर्धंमुर्धं ऐकू यायचं. तो मुखवटा काढायला दोन माणसं लागत, म्हणून मधल्या वेळेत कोणी काढतच नसे. बाकीचे घोळक्याने गप्पा मारत बसायचे आणि मी कोपऱ्यात स्टुलावर, खालच्या फटीतून नळी घालून चहा ओढत. नाव कुणी विचारलं नाही. "ए मुखवटा, इकडं ये," बस्स. पहिल्या दिवशी डोकं फिरलं माझं. मग वाटलं, घरी तरी कोण नावाने हाक मारतंय? आत रडलो असतो तरी कुणाला कळलं नसतं. खरं सांगतो, एकदा रडलोही.

मुलीला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. रविवारी तिचा फोन यायचा. "जेवलात? गोळी घेतली? बरं, ठेवते." संपलं. तिचंही चुकत नाही, कामाचा रगाडा असतो. पण आमच्यात बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं, ते फार टोचायचं. मनात म्हटलं, चेहरा नाही, आवाज नाही, तरी माझी पोरगी मला ओळखते का बघू. ओळखलं तर मी अजून तिचा कोणीतरी आहे. नाही ओळखलं तर मग रविवारचा फोन आला काय आणि नाही काय, सारखंच.

आता तो शॉट. त्याआधी आमचं जुनं घर सांगायला पाहिजे. एकच खोली, आणि पोरगी निजायची ती नेमकी दाराशी. पहाटे पाणी भरायला उठलो की मी डाव्या हाताने लुंगी वर धरायचो आणि तिला ओलांडायचो. लगेच अंथरुणातून बायको ओरडायची, "अवो, फिरा मागं! पोरगी वाढायची नाय!" निजलेल्या पोराला ओलांडलं की त्याची उंची खुंटते, असं आमच्याकडे मानतात. मग उलट्या वाटेने तिला परत ओलांडायचं, तिचे पाय सरकवायचे आणि बाजूने बाहेर पडायचं. पोरगी जागीच असायची. डोळे गच्च मिटून, मी परत येतो का याची वाट बघत. पुढे ती माझ्याएवढी उंच झाली, आणि बायकोने त्याचं सगळं श्रेय आपल्या आरडाओरडीला दिलं.

तर स्टुडिओत गुरूचं काम करणारे वयस्कर नट फरशीवर मरून पडलेले. इशारा झाला, मी निघालो. डाव्या हाताने तो लांबलचक काळा झगा उचलला, त्यांना ओलांडलं, आणि पाय आपोआप मागे! उलटं ओलांडून बाजूने चालू पडलो. डायरेक्टर धावत आला.

"काका, हा आता राक्षस झालाय! परत कशाला येतो?"

"अहो, पडलेल्या माणसाला ओलांडून तसंच जात नाहीत," मी म्हटलं. "वाढ खुंटते."

मेलेल्या गुरूने एक डोळा उघडला. "अहो, मी या वयात कुठला वाढतोय आता?"

सगळे खो खो हसले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. पायाला कोण समजावणार? शेवटी डायरेक्टरने तो शॉट छोट्या पडद्यावर परत बघितला आणि म्हणाला, "असू दे. एवढा बिघडला तरी आत माणूस शिल्लक आहे. ठेवू या हे." मी हरखलो. म्हटलं, आता पोरगी हमखास ओळखणार.

पिक्चर लागायच्या आधीच्या रविवारी तिला एवढंच म्हणालो, "अवकाशातला एक पिक्चर येतोय, बघ जमलं तर." ती हसली. "पप्पा, तुमी कधीपासनं असले पिक्चर बघायला लागलात?"

टपरीवाल्याला म्हटलं, चल, माझं काम दाखवतो. तर म्हणे, "त्या डब्यात कोण पन असंल, काका." मग खोपोलीच्या थेटरात एकटाच गेलो. तो शॉट आला. झगा उचलला, गुरूला ओलांडलं, आणि थेट जहाज! मागे फिरणं नाहीच. कापलं होतं. माझ्या तोंडून अशी शिवी गेली की पुढच्या बाईने वळून बघितलं. मेल्यांनो, अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढंच तर माझं होतं! घरी येऊन जेवलो नाही. आता कसली ओळखतेय ती?

रविवारी फोन वाजला.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी?"

"घेतली."

आता ठेवते म्हणणार, म्हणून मी फोन कानापासून काढतच होतो.

"पप्पा, तो पिक्चर बघितला मी. काळ्या मुखवट्यात तुमीच ना?"

मी फोन कानाला घट्ट दाबला. "कशावरनं गं?"

"त्या म्हाताऱ्याला ओलांडताना डाव्या हातानं झगा उचललात. लुंगी उचलायचात तसा." मग तिचा आवाज बारीक झाला. "पण मागं नाय फिरलात, पप्पा. मी वाट बघत होते. थेटरातले दिवे लागले, झाडूवाला आला, तरी बसून होते."

"फिरलो व्हतो गं," मी म्हटलं. "आईशप्पत फिरलो व्हतो. त्यांनी कापलं."