लिंबायतची हाक

सुरत स्टेशनात उतरले तेव्हा माझ्याजवळ एक बॅग, पाण्याची बाटली आणि एका भाजीवाल्याचं नाव होतं. नव्वदच्या दशकातला मे महिना होता. कापडाच्या यंत्रमागांच्या खडखडाटानं ज्यांचे कान गेलेत असे कामगार शोधायला पुण्याच्या आमच्या संस्थेनं मला पाठवलं होतं. असे कामगार आपण होऊन पुढे येत नाहीत. शेठला कळलं तर काम जातं. म्हणून एकाला भेटायचं, त्याच्याकडून दुसऱ्याचं नाव घ्यायचं, दुसऱ्याकडून तिसऱ्याचं. बर्फाचा गोळा घरंगळत मोठा होत जातो, तशी माणसं वाढत जातात. म्हणून या पद्धतीला हिमगोल पद्धत म्हणतात. सुरतेत त्या दिवशी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

“क्यां जवुं छे, बेन?” (कुठे जायचंय, ताई?) रिक्षावाल्यानं विचारलं. मी लिंबायत सांगितलं, तसा तो मराठीत बोलू लागला. तो नंदुरबारचा निघाला.

लिंबायतमध्ये पाट्या गुजरातीत होत्या आणि भांडणं अहिराणीत. नामदेवभाऊ शोधावे लागले नाहीत. ते हातगाडीवर भाजी विकत आणि त्यांची हाक दोन गल्ल्या आधीच ऐकू आली. “भेंडीऽऽ, गवारऽऽ.” कोणत्या घरातला माणूस बहिरा आहे हे त्यांना पाठ होतं, कारण त्या घरी त्यांना दोनदा ओरडावं लागे. माझं काम समजावून घेऊन ते मला पहिल्या घरी सोडून आले.

तिथून नावं मिळत गेली. प्रत्येकाला मी आधी सांगायची, की तुमचं बोलणं दुसऱ्या कोणाला कळणार नाही. हे मी इतक्या मोठ्यानं सांगायची, की शेजारीही निर्धास्त व्हायचे. प्रत्येक घरी चहा होता. एके ठिकाणी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा मिळाला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा घरच्या बाईला वाटलं मला त्यांच्या परिस्थितीचं वाईट वाटलं. मी तसंच राहू दिलं.

एका दुपारी नामदेवभाऊंच्या घरी जेवताना मी सहज विचारलं, “तुमच्या घरचं कोणी मागावर नाही?”

“मन्हा धाकला भाऊ शे (माझा धाकटा भाऊ आहे), भेस्तानला,” ते म्हणाले. “पण त्याचं नाव काढू नका. बाजारात मी त्याला हाक मारली. एकदा नाही, तीनदा. मागे वळून पाहिलं नाही त्यानं. ताई, माझी हाक अख्खं लिंबायत ऐकतं.”

त्यानंतर ते भावाशी बोलायचेच थांबले होते. वहिनींनी मला आमटी वाढली.

पुढच्या आठवड्यात एका कामगारानं मला भेस्तानचा विलास सुचवला. दार विलासच्या बायकोनं, सुनंदानं, उघडलं. विलास माझ्या तोंडाकडे टक लावून बसला. चहा पिताना मी एक प्रश्न विचारला. कपाआड ओठ गेले होते, त्याचं उत्तर आलं नाही.

“उजवा गेलाय, डावा जातोय,” तो म्हणाला. “खात्यात (कारखान्यात) कोणाला माहीत नाही. खुणांवर भागतं.”

“नातेवाइकांना?”

“भाऊ आहे लिंबायतला. भाजी विकतो. त्यानं बोलणंच टाकलं. काय चुकलं तेही सांगितलं नाही.”

हा नामदेवभाऊंचाच भाऊ होता. एका वाक्याचं काम होतं आणि तेच वाक्य मला बोलता येत नव्हतं. ते नामदेवभाऊंनी मला विश्वासानं सांगितलेलं होतं.

“त्यांना कानाचं सांगून पाहिलंत?” मी विचारलं.

“त्याला सांगायचं?” विलास हसला. “त्याला कळलं म्हणजे सगळ्या सुरतेला कळलं.”

मी कप खाली ठेवला. शेवटी म्हणाले, “एकदा जाऊन भेटा. समोरून जा.”

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. तिला काहीतरी उमगलं असावं, कारण तिनं दुसरं काही विचारलं नाही.

रविवारी मी नामदेवभाऊंच्या गाडीवर लिंबू घेत होते, तेव्हा ती दोघं आली. नामदेवभाऊंनी पाहिलं आणि गाडी वळवायला घेतली. विलासनं गाडीचा दांडा धरला.

“दादा, मला ऐकू येत नाही. दोन-तीन वर्षं झाली.”

नामदेवभाऊ उभेच राहिले. गल्लीतल्या बायका भाजीसाठी गोळा होत होत्या. नामदेवभाऊंनी सगळीकडे नजर टाकली आणि ते काहीतरी बोलले, इतकं हळू, की शेजारी उभ्या मलाही ऐकू आलं नाही. विलासलाही अर्थातच नाही.

“काय?” तो म्हणाला.

नामदेवभाऊंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून स्वतःकडे वळवला आणि तेच पुन्हा म्हणाले, आणखी हळू. या वेळी विलासनं मान हलवली. बायका भेंडीचा भाव विचारत राहिल्या. त्या दिवशी त्यांना तो कोणी सांगितला नाही.

पुण्याला परतल्यावर आमच्या प्रमुखांनी अहवाल वाचला. या पद्धतीत माणसं ओळखीतूनच मिळतात, त्यामुळे नमुना एकाच गोतावळ्यात फिरतो, असा शेरा त्यांनी मारला. शेरा बरोबर होता. फक्त त्या गोतावळ्यात एका भावापासून दुसऱ्या भावापर्यंत जायला मला मधे किती परक्या घरांचा चहा प्यावा लागला, ते लिहायला अहवालात जागा नव्हती.