बरी होण्याआधीची उपकारस्तुती

बायको बरी व्हायच्या आधीच मी ती बरी झाल्याची उपकारस्तुती चर्चमध्ये देऊन टाकली.

आमच्या मंडळीची रीत ज्यांना माहीत नाही, त्यांना यातला मूर्खपणा नेमका कुठं आहे ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. रविवारच्या उपासनेत, उपदेशाच्या आधी, सेक्रेटरी पुढं येतात आणि त्या आठवड्यात आलेली उपकारस्तुतीची पाकिटं वाचतात. देवानं काही चांगलं केलं की माणसं पाकिटात पैसे घालतात, वर कारण लिहितात, आणि ते कारण भर मंडळीत वाचलं जातं. मुलगी बारावी पास झाली. चोरीला गेलेली मोटारसायकल सापडली. म्हैस सुखरूप व्याली. आता दाराशी क्यूआर कोड लावलाय, मोबाईलवरून दान जातं, पण उपकारस्तुतीचं पाकीटच लागतं. कारण वाचून दाखवल्याशिवाय देवाला पोचलं असं आमच्या लोकांना वाटत नाही.

मी या प्रकारात आधीपासूनच जरा बदनाम. एकदा सासूबाई महिनाभर आमच्याकडं राहून कोडोलीला परत गेल्या, तेव्हा ‘सासूबाई सुखरूप स्वतःच्या घरी पोचल्याबद्दल’ असं लिहून मी एकशे एक रुपये दिले होते. आमच्यात पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसतात. पुरुषांची बाजू हसली. बायकांची हसली नाही. त्यानंतर काही दिवस माझं ताट घरात झाकून ठेवलेलं असायचं, वाढलेलं नसायचं.

बायको शाळेत मास्तरीण होती. रिटायर झाली आणि वर्षाच्या आत पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमोचे डोस सुरू झाले, केस गेले. ती डोक्याला घट्ट रुमाल बांधून त्यावर पदर घ्यायची आणि गायनमंडळात आपल्या जागी उभी राहायची. रविवारी पाळकसाहेब आजाऱ्यांची यादी वाचून प्रार्थना करायचे, त्यात तिचं नाव असायचं. आणि गुरुवारी भगिनी मंडळाच्या बायका घरी यायच्या. प्रार्थना दहा मिनिटं, मग तासभर कुणाच्या सुनेनं काय केलं नि कुणाच्या लग्नात रस्सा कसा पाणचट होता. येताना कुणी सूप, कुणी आंबोळी, कुणी डब्यातून मऊ भात आणायचं. त्या गेल्या की हिच्या चेहऱ्यावर रंग आलेला असायचा. ‘डॉक्टरांचा डोस महिन्याचा, माझा गुरुवारचा,’ असं ती म्हणायची.

त्याच सुमारास बाहेरगावचे एक प्रचारक शहरात आले. मैदानात मांडव, मोठे स्पीकर. ते म्हणाले, मिळाल्यावर आभार कुणीही मानेल. मिळायच्या आधी माना, हात सैल सोडून द्या, आणि मग बघा. बायकोनं घरी आल्यावर हात धुतले आणि म्हणाली, ‘हा माणूस देवाला उधारीवर माल मागतोय.’ पण माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. कारण जन्मभर मी विम्याचा एजंट. हप्ता आधी, संरक्षण मागनं, हे मी लोकांना इतकी वर्षं चहाच्या कपावर समजावून सांगितलंय की शेवटी ते मलाच पटलं.

शेवटचा डोस झाला. शनिवारी स्कॅन झाला, रिपोर्ट मंगळवारी मिळणार होता. डॉक्टर जिन्यात भेटले तेव्हा हसले होते. तेवढ्यावर मी बँकेत गेलो. स्वयंपाकघराचा ओटा नवीन करायला म्हणून तिनं पैसे बाजूला ठेवले होते, ते सगळे काढले आणि संध्याकाळी सेक्रेटरींच्या दारात पाकीट घेऊन उभा.

सेक्रेटरींनी पाकिटावरचं कारण वाचलं. ‘रिपोर्ट आला?’

‘आल्यातच जमा आहे.’

‘मग आल्यावर द्या की. पाकीट काय नासतंय?’

‘तुम्ही वाचा हो,’ मी म्हणालो. ‘विश्वास म्हणून काही असतो.’

दुसऱ्या दिवशी उपासनेत त्यांनी वाचलं. दुर्धर आजारातून पत्नीला पूर्ण बरे केल्याबद्दल. रक्कमही वाचली. पुरुषांच्या बाजूनं माना वळल्या, कुणी पाठीवर थाप मारली. बायको मला पाठमोरी दिसत होती. तिनं पदर जरासा पुढं ओढला. शेजारच्या दोघींनी तिला मिठी मारली, एक तर रडायला लागली, आणि हीच त्या रडणारीला थोपटत बसली. उपासना सुटल्यावर दाराशी, आमच्या रीतीप्रमाणं, एकमेकांना सलाम करायला रांग लागली. ती प्रत्येकीचा हात हातात घेऊन ‘सलाम, सलाम’ म्हणत होती, हसत होती. मला वाटलं, बघा, सुरुवात झाली.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, ‘अहो, मी कधी बरी झाले? मला कळवायचं तरी.’

‘मंगळवारी कळेलच.’

‘आणि नाही झाले तर?’

‘असं बोलायचं नाही. त्यानंच तर अडतं.’

ती बाहेर बघत राहिली. रंकाळ्यावरून रिक्षा वळली तेव्हा म्हणाली, ‘ओट्याचे पैसे का?’

मी मान डोलावली. ओटा काय, तो अजूनही जुनाच आहे. कडाप्पा एका कोपऱ्यात फुटलेला.

मंगळवारी रिपोर्ट आला. गाठ पसरली होती, यकृतापर्यंत. डॉक्टर खूप वेळ बोलले. त्यातलं मला एवढंच कळलं की आता डोस द्यायचे ते बरं करायला नाहीत, त्रास कमी करायला.

इथपर्यंतचा मूर्खपणा माफ करण्यासारखा आहे. घाबरलेला माणूस काहीही करतो. पण घरी आल्यावर मी जे केलं, त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिला म्हणालो, ‘एवढ्यात कुणाला सांगायला नको.’

‘का?’

‘परवाच वाचलंय सगळ्यांसमोर. लोक काय म्हणतील? थोडे दिवस जाऊ देत.’

तिनं माझ्याकडं बघितलं. मास्तरणीसारखं नाही. तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं. वर्गात चड्डी ओली झालेल्या पोराकडं ती बघत असेल, तसं. म्हणाली, ‘बरं.’

आजाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव निघालं, आणि ते साहजिकच होतं. बऱ्या झालेल्या माणसासाठी कोण प्रार्थना करतं? पाळकसाहेब पुढच्या रविवारी दुसरीच नावं वाचत होते आणि मी डोळे मिटून तिच्या नावाची वाट बघत होतो. गुरुवारी बायका आल्या नाहीत. त्यांना दुसऱ्या कुणाकडं जायचं होतं. ही मात्र दुपारी साडी बदलून बसली होती. तिन्हीसांजेला उठली आणि कुकर लावला.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या नावानं हात जोडलेली चित्रं येत राहिली. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची. रविवारी पोट दाबून गायनमंडळात उभी राहायची. वरचा सूर लागला की तिचा हात पुढच्या बाकाच्या पाठीवर घट्ट व्हायचा, हे माझ्या जागेवरून दिसायचं. कुणी म्हणायचं, ‘किती छान दिसताय हो आता,’ तर ती म्हणायची, ‘रुमाल नवीन आहे.’ तिच्या हातात जे थोडे धड दिवस उरले होते, ते तिनं माझी अब्रू सांभाळण्यात घालवले. मी तिला थांबवलं नाही. थांबवायचं म्हणजे मंडळीला खरं सांगायचं, आणि तेवढं काळीज माझ्यात नव्हतं.

मी काय केलं, तर सेक्रेटरींकडं गेलो. म्हणालो, ‘ते पाकीट जरा चुकून गेलंय. पैसे राहू देत, कारण तेवढं बदलता येईल का?’

‘कारण बदलून काय लिहू?’

‘म्हणजे, आभाराऐवजी विनंती म्हणून धरता आलं तर.’

त्यांनी चष्मा काढला. ‘तुमच्या घरी सगळं बरं आहे ना?’

‘एकदम,’ मी म्हणालो आणि चप्पल घातली.

मग घरी येऊन पवित्र शास्त्रातलं लेवीयाचं पुस्तक काढून बसलो. तिथं अर्पणांचे इतके प्रकार आहेत की आमच्या विम्याच्या पॉलिसी कमी पडतील. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. चुकून झालेल्या पापाचीही सोय आहे. ज्याला कोकरू परवडत नाही त्यानं दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत असंही आहे. मी तिला ते वाचून दाखवलं. ती पलंगावर पडून होती.

‘गच्चीवर पारवे मायंदाळ आहेत,’ मी म्हणालो.

‘चढू नका. पडाल, आणि मला उठून बघायला यायचं होणार नाही.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘त्या लोकांना तेवढं तरी होतं. काहीतरी न्यायचं, तिथं ठेवायचं, आणि घरी यायचं. तुम्ही ठेवता आणि तिथंच बसून राहता.’

त्यानंतरच्या आठवड्यात पाळकसाहेबांचा फोन आला. देवानं एवढं मोठं काम केलंय, तर येत्या रविवारी तिनं मंडळीपुढं साक्ष द्यावी. फोन स्पीकरवर होता. मी हातानं नको नको करत होतो. ती म्हणाली, ‘देते की.’

त्या रविवारी ती गायनमंडळातून उतरून पुढं गेली. माईक तिनं बाजूला सारला. शाळेतला आवाज होता, माईकची गरज नव्हती.

‘सलाम,’ ती म्हणाली. ‘बरी झाल्याची साक्ष द्यायला मला सांगितलंय. मी बरी झालेली नाही. रिपोर्ट वाईट आहे. यांनी पाकीट रिपोर्टच्या आधी दिलं, कारण यांना वाटलं, आधी भरलं की काम होतं. यांचा धंदाच तसला आहे.’

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

‘यांच्यावर रागावू नका. माझं काम एवढंच आहे की माझं नाव यादीत परत घ्या. आणि गुरुवारी या. मला घरात बसून फार कंटाळा आलाय.’ ती वळली, मग परत थांबली. ‘पैसे परत देऊ नका. ते यांनी देवाला लाच म्हणून दिले असतील, तर देवानं ती खाल्ली नाही, हे चांगलंच झालं. मंडळीच्या कामाला वापरा.’

मी बाकाखाली बघत होतो. माझ्या एका पायात तपकिरी मोजा होता आणि दुसऱ्यात काळा.

गुरुवारी बायका आल्या. इतक्या आल्या की शेजारून खुर्च्या आणाव्या लागल्या. त्या दिवशी प्रार्थना लांबली, गप्पाही झाल्या, हसणं पार खालच्या दुकानापर्यंत गेलं असेल. ती मधे बसली होती, रुमाल सोडून, उघड्या डोक्यानं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता आणि कुणाचंच माझ्याकडं लक्ष नव्हतं.

तिला त्यानंतर फार गुरुवार मिळाले नाहीत. नाताळची गाणी बसवायला सुरुवात झाली होती तेव्हा ती गेली. दफनाला गायनमंडळ गायलं, तिची जागा मोकळी ठेवून. सासूबाई कोडोलीहून आल्या होत्या, त्या माझ्याकडंच राहिल्या. लेकीच्या घरात जावयाला एकट्याला ठेवून जायला त्यांचा पाय निघेना. वय झालंय, पाठ वाकलीय, पण पहाटे उठून चूल असल्यासारखा गॅस पेटवतात.

मला एकच गोष्ट खात होती. अजून खाते. तिच्यासाठीची प्रार्थना मी बंद पाडली. माझी लाज वाचवायला. त्या आठवड्यांत शंभर माणसं तिचं नाव घेत राहिली असती, तर? डॉक्टर म्हणतात, काही फरक पडला नसता. पण डॉक्टरांना त्यातलं काय कळतं?

एक दिवस मी पुन्हा पैसे घेऊन निघालो. या वेळी पाळकसाहेबांकडंच गेलो. म्हणालो, हे दोषार्पण समजा. पाकिटावर काही लिहिलेलं नाही, वाचूही नका, फक्त घ्या.

त्यांनी पाकीट हातात धरलं, उघडलं नाही. म्हणाले, ‘ते अर्पण वधस्तंभावर एकदा झालंय. सगळ्यांसाठी. त्यात तुम्हाला भर घालता यायची नाही.’

‘माझ्या समाधानासाठी.’

‘समाधान विकत मिळत असतं तर मीच आधी घेतलं असतं,’ ते म्हणाले. त्यांनाही त्या वर्षी बरंच काही सोसावं लागलं होतं, ते मला माहीत होतं. त्यांनी पाकीट माझ्या खिशात परत सरकवलं आणि प्रार्थना केली. मी आमेन म्हणालो. पण जिना उतरताना वाटत होतं, हप्ता न घेता दिलेली पॉलिसी खरी कशी धरायची? माझ्याकडं कुणी असा कागद घेऊन आलं असतं, तर मी त्याला फसवणूक झालीय असंच सांगितलं असतं.

घरी आलो. सासूबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर भिंतीला टेकून बसलो आणि कुणालाच न सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. रिपोर्ट कळल्यावर मी तिला गप्प बसवलं, ती दुखणं झाकून माझ्यासाठी गात राहिली, लोकांची प्रार्थना तुटली, आणि माझ्यामुळंच देवानं तिला नेली, असं मला वाटतं. बोलताना मी रडलो. लहान पोरासारखा, नाक वाहेपर्यंत.

त्यांनी सोलणं थांबवलं नाही. माझं झाल्यावर सालं पदरातून झटकली आणि माझ्याकडं बघितलं.

‘पावणं,’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्यामुळं देव माझी लेक न्हेतोय व्हय? देवाजवळ तुमची एवढी पत असती, तर ती बरी झाली नसती?’