बिघडवलेलं भजन

गेलेला माणूस कसा होता हे त्याच्या सख्ख्या मुलांपेक्षा आमच्या घरमालक काकांना जास्त कळतं, अशी बेसा वस्तीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीची खात्री आहे. माझी तर श्रद्धाच आहे. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. काटोलहून येऊन काकांच्या वरच्या खोलीत राहू लागलो, तेव्हा मला वाटलं होतं की निवृत्त माणसं संध्याकाळी बागेत फिरतात. काका मयतीला जात. गल्लीत कुणी गेलं की पहिला निरोप त्यांना, कारण अंत्ययात्रेत भजनी मंडळानं काय म्हणायचं हे तेच ठरवत. ओट्यावर बसून ते घरच्यांना विचारत, "बाई भाकर थापताना काय गुणगुणत होती?" रडणारी माणसं आधी चक्रावत, मग आठवू लागत आणि आठवता आठवता शांत होत. एका थट्टेखोर म्हाताऱ्याच्या अंगणात मुलांनी मोबाइलवर रडकं गाणं लावलं, तेव्हा काका कडाडले, "काहून गा, जिंदगीभर त्यानं तुम्हाले हसवलं, अन् तुम्ही त्याले रडत पाठवून राहिले?" मग त्यांनी असं दणदणीत भजन धरायला लावलं की खांदेकऱ्यांचे पाय आपोआप ठेक्यात पडू लागले. तालाच्या बाबतीत मात्र हा माणूस भलताच कडक. झांज जराशी चुकली तर काका तिरडीसुद्धा थांबवतील, असं मंडळाचे खंजिरीवाले बुवा म्हणत.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. परीक्षेच्या दिवसांत मला न विचारता ताटात आणखी एक पोळी टाकणाऱ्या काकू. अंगणात सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होते. काका लोकांना जे विचारत, ते त्यांना कोण विचारणार? शेवटी मीच शेजारी बसलो. "काका, काकू काय म्हणायच्या?"

"एकच भजन म्हणे ती. दर गुरुवारी. अन् तेही चुकवून."

खरंच होतं. घरच्या गुरुवारच्या भजनात मंडळ धृपदापर्यंत पोहोचायच्या आत काकू एकट्याच तिथं जाऊन उभ्या असत. "थांबत जा ना वं जराशी!" म्हणून काका दर गुरुवारी चिडत.

"तेच म्हणा," ते बुवांना म्हणाले, "पण तिच्यासारखं."

बुवांचा जन्म ताल सांभाळण्यात गेलेला. चुकायचं कसं हे त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं. खंजिरी बरोबर वेळेवर पडे आणि काका थांबवत. "नाही बुवा, अजून घाई करा. गॅसवर दूध ठेवल्यासारखी." पुन्हा बरोबर. पुन्हा थांबवलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "काका, ऊन चढून राहिलं."

"चढू दे. दुसऱ्या कोणाच्या भजनावर तिले नाही नेणार मी."

आणि मग काका स्वतः गाऊ लागले. त्यांना गाताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. फाटक्या आवाजात, घाईघाईनं, नेमके काकूंच्या जागी ते एकटेच धृपदात शिरले आणि मंडळ मागून धडपडत आलं. बायकांनी एकदम तोंडाला पदर लावले. काकू ओळखू आल्या होत्या.

तिरडी उचलली. बुवा ती चूक जिवापाड जपत चालले. घाटाच्या वळणावर तर सगळं मंडळ एका आवाजात काकूंसारखं धृपदावर आधी आलं. काका मात्र तेव्हा गाण्यात मागे राहिले. हातातलं मडकं सांभाळत, ओठ न हलवता, ते नुसतं ऐकत चालले होते.