दसऱ्याले तीस, पाडव्याले चाळीस

सूर्यभान ड्रायव्हर माझा जठारपेठेतला शेजारी. तोंडाचा असा फटकळ, की सकाळी सकाळी कोणी त्याच्या वाटेला जात नसे. मैनाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, वरण वाढलं की हा त्यातलं थोडं चिमटीत घेऊन चोळायचा आणि म्हणायचा, "हे हिवाळ्यातलं झालं. उन्हाळ्यात नाई चालायचं." ती बिचारी कपाळावर हात मारून घ्यायची.

खोड तेलाची होती. खुशालराव संत्र्याचे दलाल. मी त्यांच्या पेट्या ठोकायचो आणि सूर्यभान त्यांची पिकअप चालवायचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली गाडी. तिची पूजा दसऱ्याला व्हायची, पण त्याआधी सूर्यभान इंजिनातलं तेल काढून तीस नंबरचं, म्हणजे पातळ, भरायचा. पाडव्याला चाळीस, म्हणजे जाड. थंडीत जाड तेल आखडतं, इंजिन फिरू देत नाही. अकोल्याच्या उन्हात पातळ तेलाचं पाणी होतं आणि इंजिन घासतं. बाकीचे लोक मात्र बाराही महिने पन्नास नंबर ओतायचे. दूध घट्ट ते चांगलं, तसं तेलही जाड ते ताकदीचं, असा आपल्याकडचा हिशेब. त्या सगळ्यांना सूर्यभान एकच शब्द वापरायचा, "बह्याड," म्हणजे खुळे.

एकसष्ट साल उजाडेपर्यंत इंजिन थकलं. निळा धूर सोडायला लागलं. खुशालरावांनी पौषात गाडी विकायला काढली. घेणारा चांदूर रेल्वे गावचा भगवंत, बैलगाडीवर भाजी वाहणारा तरणा पोरगा. बायकोच्या गळ्यातली एकदाणी मोडून येणार होता.

आदल्या दिवशी खुशालरावांनी सूर्यभानच्या हातात डबा दिला. पन्नास नंबर.

"मालक, पौषात पन्नास?"

"तुले सांगतलं तेवढं कर."

झिजलेल्या इंजिनात जाड तेल टाकलं, की धूर दबतो आणि खडखडही दबते. चार-आठ दिवस. मग आहेच. सूर्यभानला हे कळत नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं ज्याचं मीठ खाल्लं, त्याला तोंडावर खोटं कसं पाडायचं? त्यानं मुकाट्यानं तेल भरलं. घरी जेवला नाही म्हणे.

सकाळी भगवंत आला. कडाक्याची थंडी. दाखवायची गाडी आधी तापवून ठेवतात, पण सूर्यभाननं ती तशीच गार ठेवली होती, आणि इंजिन फिरवून चालू करायचं हँडल भगवंतच्याच हातात दिलं. "तुमीच मारा, भाऊ." त्याचा डाव मला लगेच कळला. हँडल फिरणार नाही, पोराला शंका येईल, आणि आपल्याला मालकाविरुद्ध तोंड उघडावं लागणार नाही.

भगवंतनं जोर लावला. हँडल हलेना. पुन्हा लावला, तोंड लाल झालं. मग सरळ उभा राहून घाम पुसत हसला.

"बाप्पा! काय दम आहे इंजनात! मिलिटरीची गाडी म्हंजे गंमत नाई!"

घ्या! खुशालराव तर त्याच्याहून मोठ्यानं हसले. भगवंतचा हात कमरेचा पैशांचा कसा सोडायला गेला.

"थांब बे!" सूर्यभान ओरडला. "दम नाई तो. पन्नास नंबरचं तेल आहे. धूर दाबाले टाकलं, माह्याच हातानं. इंजन संपलं आहे तिचं."

माझी हातोडी हातातच राहिली. भगवंतनं कसा पुन्हा आवळला आणि रामराम न करता निघून गेला. आभाराचा शब्द नाही. खुशालराव एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

"बरं."

लगेच जावं की नाही? नाही. हा गाडीखाली शिरला, पन्नास काढलं, तीस भरलं आणि हँडल मारलं. गाडी भकभक निळा धूर सोडत सुरू झाली. मग किल्ली खिळ्याला अडकवून तो घरी गेला. "लेकीचं लग्न तोंडावर, आन् याले खरं बोलाची खाज सुटली!" मैनाबाईचा आवाज गल्लीभर ऐकू आला. मलाही वाईट वाटलं, त्याहून राग आला. बोलायचंच होतं तर तेल भरायच्या आधी बोलायचं!

पुढे सूर्यभानला कुठे ड्रायव्हरचं काम मिळालं नाही. मालकाला उघडं पाडणारा ड्रायव्हर कोण ठेवतो? जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलू लागला.

पिकअप काही विकली गेली नाही. दसरा आला, तसा खुशालरावांचा नवा ड्रायव्हर सूर्यभानच्या दारात उभा. "काका, कोणतं टाकू?" पाठवलं कोणी, हे सांगायला नकोच. सूर्यभान नुकताच कामावरून आला होता, केसांत कापसाचे तंतू. त्यानं नीट बसवून त्याला सगळं समजावलं. दसऱ्याले तीस, पाडव्याले चाळीस, पन्नासले हात लावू नको.

तो गेल्यावर मी भडकलोच. "ज्यानं तुले हाकललं, त्याची गाडी कावून सांभाळून राहिला बे?"

सूर्यभाननं माझ्याकडे असं पाहिलं, जसा मीच बह्याड.

"भांडण मालकाशी झालं," तो म्हणाला. "गाडीनं माह्यं काय बिघडवलं?"