साहेबांनी न मारलेली हाक

मुश्ताक सरखोतसाहेबांनी मला टेनिस शिकवलं, माणसांत उभं राहायला शिकवलं, आणि एकदा माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन माझी नोकरी वाचवली. हे आधी सांगतो. ते गेले, हे त्यानंतर. कारण गेल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे, बाकीचं कुणालाच नाही.

सकाळी कंपनीच्या गेटवर मेंटेनन्सचा भोईर थांबला होता. तो कोपरखैरण्याच्या गावठाणातला, नेहमी मोठ्यानं बोलणारा. त्या दिवशी हळू म्हणाला, "माणिक, तुजा साहेब गेला रं. झोपेतच." मी कार्ड पंच केलं आणि पॅकिंगला जाऊन मशीन सुरू केलं. रडू आलं नाही. छातीत एक जुनी भीती होती, तीच परत हलली.

मी उदगीरकडचा. सातवीला शाळा सुटली. तुर्भ्याच्या या कंपनीत टेंपररी म्हणून लागलो तेव्हा दिघ्याला एका खोलीत आम्ही सहा जण राहत होतो. दर सहा महिन्यांनी ब्रेक मिळायचा, आणि परत घेतील की नाही या काळजीनं जेवण जायचं नाही. त्या वर्षी मॅनेजमेंटच्या डोक्यात एकोप्याचं वारं शिरलं. जुईनगरच्या स्टाफ कॉलनीत सिमेंटचं टेनिस कोर्ट होतं, तिथं डबल्सची स्पर्धा, प्रत्येक जोडीत एक ऑफिसर आणि एक कामगार. जोड्या चिठ्ठ्या टाकून. बऱ्याच ऑफिसरांनी आपल्या चिठ्ठ्या मागच्या दारानं बदलून धडधाकट पोरं घेतली. स्टोअर्सच्या सरखोतसाहेबांना माझी चिठ्ठी आली. मी रॅकेट हातात धरली नव्हती, त्यांचं वय बावन्न आणि पोट पुढे. कुणीतरी म्हणालं, "साहेब, बदलून घ्या." ते म्हणाले, "निघाली ती निघाली. निकाहसुद्धा असाच झालाय माझा, काय बिघडलं?"

मग तीन महिने, जनरल शिफ्टच्या आधी, रोज साडेसहाला कोर्टवर. साहेब मूळचे श्रीवर्धनचे, कॉलेजात टेनिस खेळलेले. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "आपल्याला सगळे लॉबच टाकणार. म्हाताऱ्याच्या डोक्यावरून उंच बॉल टाकला की पॉइंट त्यांचा, असा हिशोब आहे." आणि त्यावरचा उतारा त्यांनी मला घासून घासून शिकवला. नेटला चिकटून उभा राहू नकोस, दीड पाऊल मागेच बरा. बॉल बघू नकोस, त्याची रॅकेट बघ, तोंड आभाळाकडे वळलं की समज, वर येतोय. उलट्या पावली पळू नकोस. "आडवा वळ आणि मग धाव. उलटे पाय भुताचे असतात, बाबा." फार उंच असेल तर टप्पा पडू दे, घाई नको. खाडीकडून वारा असला की लॉब आखूड पडतो, तेव्हा पुढे ये आणि दोघांच्या मधोमध हाण. मुळात त्यांच्या पायाशी खोल परतव, म्हणजे लॉब नीट उचलताच येणार नाही. आणि काहीच सुचलं नाही तर तूही लॉब टाक, निदान श्वास घ्यायला वेळ मिळतो.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती हाक. साहेब बहुतेक वेळा नेटवर, मी मागे. बॉल त्यांच्या डोक्यावरून गेला की मागच्यानं "माझा!" ओरडायचं, आणि पुढच्यानं मान न वळवता बाजू बदलायची. हे मला जमेना. मी विचारायचो, "साहेब, मी घेऊ का?" तोवर बॉल पडलेला असायचा. साहेब कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "असं कर, अर्ज टाइप करून आण. मी सही करतो." महिना गेला तेव्हा कुठे घशातून तो शब्द निघाला. त्या दिवशी साहेबांनी घरून तांदळाचे पोळे आणले आणि कोर्टच्या कडेला बसून मला खाऊ घातले.

आम्ही फायनलला गेलो. हसणारे गप्प झाले होते. समोर पर्सोनेलचे देसाईसाहेब आणि भोईर. परमनंट करायच्या कामगारांची यादी देसाईसाहेबांच्या टेबलावर होती, तीत माझं नाव येणार की नाही हे त्या महिन्यात ठरणार होतं. खुर्च्यांवर कॉलनीतली सगळी कुटुंबं. पहिला सेट आम्ही घेतला. एक लॉब मी "माझा!" ओरडून परतवला, तर खुर्च्यांतून हशा उठला, आणि देसाईसाहेब नेटपलीकडून हसत म्हणाले, "काय रे माणिक, आता साहेबाला ऑर्डर सोडायला लागलास?"

एवढंच वाक्य. मला त्यांच्या टेबलावरची ती यादी आठवली.

पुढचा लॉब साहेबांच्या डोक्यावरून गेला. बॉल माझाच होता. साहेब माझ्या हाकेसाठी थांबले... मी ओरडलो नाही. वळायलाही वेळ उरला नाही तेव्हा ते, मला इतकं बजावणारे साहेब, उलट्या पावली धावले आणि सिमेंटवर आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं.

वाशीच्या हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी देसाईसाहेब आले. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा. त्यांनी विचारलं, "नक्की झालं काय? हा ओरडला नाही का?" सरखोतसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो कशाला ओरडेल? मीच 'माझा' म्हटलं. हाव सुटली." पुढच्या महिन्यात मला परमनंटचं लेटर मिळालं.

साहेब नंतर कधी खेळले नाहीत. काठी आली. कँटीनमध्ये ते ताटाकडे हात करायचे आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "माझा!" वर्षानुवर्षं हा विनोद चालला. साहेब हसायचे. एकदा सगळ्यांबरोबर मीसुद्धा हसलो, ते मला अजून ऐकू येतं. एकदाच धीर करून विचारलं, "साहेब, का असं सांगितलंत?" ते म्हणाले, "देसाईनं हॉस्पिटलात येऊन लॉबच टाकला होता ना? मी लॉबनंच परतवला. तुला मागे जायला वेळ मिळाला. बास."

शोकसभेत देसाईसाहेबच बोलले. "आमचे सरखोत शेवटपर्यंत 'माझा' म्हणणारे! खिलाडू माणूस." लोक ओल्या डोळ्यांनी हसले. ज्यानं एका टोमण्यानं माझी जीभ बांधली तो माणूस खिलाडूपणावर बोलत होता. आणि मी, सात वर्षं परमनंट असलेला, मागच्या खुर्चीवर गप्प. राग नेमका कुणाचा धरावा, हेही मला नीट कळलं नाही.

चाळिसाव्या दिवशी जुईनगरला त्यांच्या घरी गेलो, सांगायचंच म्हणून. हॉलमध्ये खिडकीजवळ त्यांची खुर्ची तशीच आहे. उठताना आधार लागायचा म्हणून भिंतीत एक लोखंडी दांडा ठोकून घेतला होता, तो हात लागून लागून मधोमध गुळगुळीत झाला आहे. नजमाभाभींनी चहा दिला. म्हणाल्या, "सगळ्यांना शिकवायचे रे, उलटं पळू नका. आणि स्वतः? पोराचा बॉल ह्यांना कशाला हवा होता? शेवटपर्यंत टोचून बोलले मी त्यांना." मी त्या दांड्याकडे बघत बसलो. कप रिकामा झाला. निघालो.

हे ज्या वर्तमानपत्रात छापून येईल त्याची ही पुरवणी भाभी वाचतात की नाही, माहीत नाही. वाचली तरी हे कागदावरचं झालं, यात माझ्याकडे कुणी बघत नाही. साहेब, तुम्ही भाभींचं ते टोचणं सात वर्षं माझ्यासाठी ऐकलंत. मी पुन्हा जाईन. त्यांच्यासमोर बसेन, आणि न विचारता, मोठ्यानं सांगेन, भाभी, तो बॉल माझा होता.